भूकंपोत्तर पुनर्बांधणीचे नियम आणि जुनी माळवदाची घरे : उस्मानाबाद (धाराशिव) जिल्हा, 1993 नंतर

प्रस्तावना

दि. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी तेरणा खोऱ्यात झालेल्या भूकंपाचे नाव लातूर जिल्ह्यातील किल्लारीशी जोडले गेले. तथापि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील (2023 पासून धाराशिव) सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावेही त्या पहाटे तितकीच उद्ध्वस्त झाली. भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. या आपत्तीच्या मदतकार्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने पडलेले जुने घर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा बांधता येते काय, आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

नगररचनाशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्क शहराने 1916 मध्ये सर्वंकष क्षेत्रनियमन लागू केले, तेव्हा नव्या नियमांशी विसंगत असलेल्या पूर्वीच्या इमारतींना अभय देण्यात आले. पुढे अनेक अमेरिकी नगरांनी या अभयाला मर्यादा घातली. अशी इमारत आग वा वादळाने ठरावीक प्रमाणापेक्षा, बहुधा निम्म्याहून अधिक, नष्ट झाली तर ती नव्या नियमांनुसारच उभारावी, असा दंडक पडला. या दंडकात नुकसान मोजण्याचे एकक म्हणजे ती एक इमारत होय. मराठवाड्यात 1993 नंतर नेमके हे एकक बदलले.

जुने घर आणि जुना नियम

मराठवाड्यातील परंपरागत घर खणांवर मोजले जाई. लाकडी खांब, तुळया आणि त्यांवर मातीचे जाड माळवद ही त्याची रचना. भोवतालच्या दगडी भिंती दोन-अडीच फूट, काही वाड्यांत त्याहूनही रुंद असत. भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर स्वतंत्र रचून मधल्या पोकळीत दगडगोटे व चिखल भरला जाई. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकण्याची रीत होती; त्यामुळे वर्षागणिक छताचा भार वाढत जाई. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर हादऱ्यासमोर मात्र दुबळे ठरले. भिंतींचे थर एकमेकांपासून फाकून कोसळले. काही ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, ही बाब लक्षणीय आहे.

अशा घरावर नियमाचे बंधन फारसे नव्हते. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर बांधकामाची परवानगी मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 अन्वये पंचायतीकडे होती. व्यवहारात वाद होत ते रस्त्याचे आणि अतिक्रमणाचे. भिंतीच्या आत काय भरले आहे हे विचारण्याचे कारण कोणास पडले नाही. भूकंपप्रवणतेच्या 1984 च्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. म्हणजे जुने घर भूकंपाच्या दिवसापर्यंत विसंगत नव्हतेच. ते विसंगत ठरले ते नंतर.

सत्तर टक्क्यांची रेषा

जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प मंजूर झाला. त्यात गावांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. ज्या गावातील सत्तर टक्क्यांहून अधिक घरांचे गंभीर नुकसान झाले आणि जे खोल काळ्या मातीवर वसलेले होते, ते ‘अ’ गटात, म्हणजे स्थलांतरास पात्र ठरले. अशी 52 गावे अन्यत्र वसविण्यात आली. ‘ब’ गटात जागेवर पुनर्बांधणी आणि ‘क’ गटात दुरुस्ती व मजबुतीकरण होते.

या निकषात नुकसान घराचे नव्हे, गावाचे मोजले गेले. ज्याचे घर उभे राहिले त्याचेही गाव उठले. आणि ज्याचे घर जमीनदोस्त झाले, पण गाव रेषेच्या अलीकडे राहिले, त्याने जुन्याच जागी दगड उचलण्यास आरंभ केला. मराठी कृषिसमाजात गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणतात. पांढरीचा निकाल लावताना काळ्या मातीची खोली हा आधार घेतला गेला, हा योगायोग विलक्षण खरा. पण मृत्यूचे मुख्य कारण मातीपेक्षा भिंतीच्या रचनेत होते, हे अभियंत्यांनी त्याच काळात दाखवून दिले होते. दोष भिंतीत असताना शासनाने बदलली ती जागा.

नव्या वसाहतीत घराचा आकारही जुन्या घरावरून ठरला नाही. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांस 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस 750 चौरस फूट असे प्रमाण होते. पूर्वी चार खणांत राहणारा भूमिहीन कारागीर आणि झोपडीत राहणारा मजूर या मापाने एक झाले. समतेच्या दृष्टीने हे काही अंशी समर्थनीय म्हणता येईल. परंतु सुताराची कामाची ओसरी, जनावरांचा गोठा, धान्याचे पेव यांचा हिशेब त्यात नव्हता. पुढे लोकांनी घरांना जी जोडबांधकामे केली, त्यांत जुन्या गावाचे दगडही आले आणि भूकंपरोधक तरतुदी बहुधा गळाल्या.

‘क’ गटाचे चित्र याहून बोलके आहे. येथे मदत 17,000 व 34,000 रुपयांची होती. घरमालकाने स्वतः काम करून घ्यावयाचे होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. हप्ते, साहित्य आणि बांधणीचे नियम त्यांनी घरोघरी समजावून दिले. कमकुवत दगडी बांधकाम सुधारण्याविषयी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. 13828 हे मार्गदर्शक 1993 सालचेच. आरपार दगड, कोपऱ्यांची सांधणी, दारांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा असे उपाय त्यात होते. परंतु बहुसंख्य कुटुंबांनी जुन्या भिंतीत आरपार दगड घालण्यापेक्षा त्या रकमेतून शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली उभारणे पसंत केले. दगडाची भीती त्यामागे होती, तशी पक्क्या घराची प्रतिष्ठाही होती. परिणामी नियमानुसार बांधलेली खोली आणि तिला लागून असलेले जुने माळवद अशी जोडघरे निर्माण झाली. जुने पाडावे असे कोणत्याही नियमाने सांगितले नाही.

भूकंपप्रवणतेचा नकाशा 2002 मध्ये सुधारला गेला. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. त्या सुधारणेने नव्या इमारतींचे गणित बदलले. स्थलांतरित न झालेल्या गावांत जी माळवदाची घरे उभी राहिली, त्यांच्या भिंतींचे दोन थर मात्र चिखलानेच जोडलेले राहिले.