मोडी टंक

मोडी या मराठीच्या धावत्या लिपीचे संगणकावरील रूप. हस्ताक्षरी वळणाचा टंक (फाँट) म्हटला की लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठे डोळ्यांपुढे येतात, आणि मोडी टंकाचीही आज बरीच खपत तिथेच आहे. त्यात गैर काही नाही. पण अक्षर किती डौलदार दिसते यावरून या टंकाची पारख करणे चुकीचे ठरते. त्याचे खरे काम जुने कागद मोडी म्हणूनच नोंदवून ठेवण्याचे आहे, आणि या कामाला बाजारातले सगळेच टंक सारखे उपयोगी नाहीत.

मोडीची घडण वेगासाठी झाली. लेखक आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जाई. अक्षराचा शेवट पुन्हा वर रेषेकडे वळतो, म्हणून अनेक अक्षरांना गाठी आणि वेढे आले. काना किंवा वेलांटी लागली की काही अक्षरांचा आकारच बदलतो. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हे जवळजवळ नसत आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. परंपरा या लिपीचे श्रेय तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. वळणे मात्र दप्तरादप्तरांत घडली, त्यांपैकी चिटणिशी वळणाचे नाव आजही निघते. असली लिपी खिळ्यांत बसवणे अवघडच. विल्यम कॅरीचा मराठी कोश 1810 मध्ये श्रीरामपूरला मोडी खिळ्यांत छापला गेला खरा, पण एकेक सुटे अक्षर जुळवणाऱ्या छापखान्याला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची होती. 1917 मध्ये मुंबई सरकारने कारभारात बाळबोध लिपी स्वीकारली. त्यानंतरही काही दशके मोडी शाळांत आणि खासगी लिहिण्यात टिकून राहिली.

संगणकावर मोडी दोन वाटांनी आली. पहिल्या वाटेने गेलेल्या टंकांत देवनागरीच्याच संकेतांकांवर मोडीचे आकार बसवलेले असतात. टंकलेखक ‘क’ची कळ दाबतो, पडद्यावर मोडी क उमटतो, पण यंत्राच्या लेखी तो देवनागरीच राहतो, टंक बदलला की मोडी नाहीशी. दुसरी वाट 2014 मध्ये खुली झाली. युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत मोडीला स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्यात स्वर, व्यंजने, मात्रा, अंक व संक्षेपचिन्ह धरून 79 चिन्हे आली. नोटो सॅन्स मोडी हा याच संकेतांकांवर बांधलेला मोफत टंक. तो दिसायला सपाट आहे, रेघ सगळीकडे एकाच जाडीची. बोरूचा जाड-बारीक फरक त्यात शोधू नये. तरीही दस्तऐवजाच्या कामासाठी निवड करायची तर याच जातीच्या टंकाची करावी.

यावर पहिला आक्षेप असा की मोडी आणि देवनागरीची वर्णमाला बहुतांशी एकच आहे, मग वेगळे संकेतांक हवेत कशाला? सवयीच्या कळफलकावर मोडी उमटते, हा पहिल्या वाटेचा मोठा फायदा. पाटीसाठी हे म्हणणे मान्य. दप्तराची गोष्ट निराळी. उदाहरणार्थ, राधानगरीचा मुलूख करवीर (कोल्हापूर) संस्थानात होता. संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. करवीर दरबाराच्या मोडी कागदांचे रुमाल आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. असा एखादा जमिनीचा कागद देवनागरीत उतरवताना लिप्यंतरकार शब्द तोडतो, ह्रस्व-दीर्घ ठरवतो, ‘रा. रा.’सारखे संक्षेप कधी फोडतो, कधी तसेच ठेवतो. यांतली प्रत्येक कृती म्हणजे त्याचा निर्णय. आडनाव कुठे संपले आणि गावाचे नाव कुठे सुरू झाले, हे तोच ठरवत असतो. आकड्यांत तर धोका अधिक: १।। म्हणजे दीड, पण त्या दोन उभ्या रेघा कोणी दंड समजला तर दीड बिघ्याचा एकच बिघा उरतो. या पाव-अर्ध्याच्या खुणांना युनिकोडमध्ये 2009 पासूनच वेगळी जागा आहे. मूळ ओळ मोडी संकेतांकांत आणि वाचन देवनागरीत, असे दोन्ही शेजारी ठेवले तर दुसऱ्या वाचकाला पहिल्याचा निर्णय तपासता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टंकावर मोडी शिकलेल्याला खरा कागद वाचता येत नाही; लेखकागणिक हात बदलतो, घाईत अर्धी अक्षरे नुसत्या वळशांनी सुचवलेली असतात. हे खरेच आहे. म्हणून टंकाला वाचनाचा गुरू करू नये. तो मुळाक्षरांची ओळख करून देईल, पुढचा सराव मूळ कागदांच्या छायाचित्रांवरच व्हायला हवा. 2023 मध्ये महाराष्ट्रात जुन्या कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गरज भासली ती मोडी जाणकारांचीच. पण यामुळे टंकाची गरज कमी होत नाही. हस्तलिखित वाचायला संगणकाला शिकवायचे तर छायाचित्रासोबत त्याचा बिनचूक मोडी पाठ द्यावा लागतो, आणि त्या पाठात मुळात नसलेले ह्रस्व-दीर्घ घुसले असतील तर यंत्रही कागदावर नसलेलेच वाचायला शिकेल.