गीताचे शस्त्र होताना

इ. स. ९०५च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोकिनवाकाशू’ या संग्रहाच्या जपानी प्रस्तावनेत कि नो त्सुरायुकीने काव्याच्या सामर्थ्याविषयी जी भूमिका मांडली, तिच्यात एक अट अनुस्यूत आहे. काव्य द्यावापृथिवी हलविते, अदृश्य भुतापिशाचांनाही द्रवविते. मात्र बळ न लावता. जपानी गीतविचाराच्या पुढील वाटचालीत दृष्टीआड झाली ती नेमकी ही अट.

विसाव्या शतकात राज्यसत्तेनेच ती मोडली. ‘मान्योशू’तील ओतोमो नो याकामोचीच्या दीर्घ कवितेतल्या काही ओळींना नोबुतोकी कियोशीने १९३७ साली चाल दिली. ‘उमि युकाबा’ या नावाने हे गीत युद्धकाळात, सैन्यतुकड्या समूळ नष्ट झाल्याच्या वार्तांसमवेत, नभोवाणीवरून वाजविले जाई. आठव्या शतकातील निष्ठावचन असे मरणाचे निमंत्रण ठरले. चाल संथ, जवळजवळ प्रार्थनेची आहे, आणि अस्वस्थ करणारे आहे ते हेच.

१९८२ साली आलेल्या ‘माक्रोस’ या चित्रमालिकेत संस्कृतीशी अपरिचित असे महाकाय झेंत्राडी योद्धे लिन मिन्मे या गायिकेच्या स्वरांनी विचलित होतात. याला युद्धोत्तर पिढीचे शांतिस्वप्न म्हणणे सोपे आहे. परंतु निर्णायक लढाईत मिन्मेचे गाणे व्यूहरचनेचाच भाग असते, आणि शत्रू गोंधळला की तोफा सुटतात.

‘सेन्की झेश्शो सिम्फोगिअर’ (२०१२, पाचवे आणि अखेरचे पर्व २०१९) हे उरलेले अंतरही मिटविते. येथे गीत म्हणजेच चिलखत. स्पर्शमात्रे माणसाची राख करणाऱ्या ‘नॉइज’ या राक्षसांशी मुली गात गातच लढतात. गाणे खंडले की बळही ओसरते. शीर्षकातील ‘झेश्शो’ म्हणजे अनुपम गीत. पण त्यातील पहिल्या चिन्हाला ‘तुटणे, संपणे’ असाही अर्थ आहे, आणि कथानक तो अक्षरशः घेते. पहिल्याच भागात कानादे आमो ते अंतिम गीत गाते आणि तिच्या देहाची धूळ होते. त्सुरायुकीने टाळलेल्या बळाची किंमत गाणाऱ्या देहाकडूनच वसूल केली जाते. ‘उमि युकाबा’ची सावली येथे दिसते, असे म्हणणे अतिव्याप्त ठरू नये. फरक एवढाच, की हा हिशेब मालिका झाकून ठेवत नाही.

तिचे खरे वाङ्मयीन धाडस मात्र खलनायिकेच्या रचनेत आहे. फिने चंद्र फोडू पाहते, कारण मानवजातीची एकभाषा हिरावणाऱ्या ‘बलालच्या शापा’चे मूळ तिच्या मते तेथे आहे. बाबेलच्या मनोऱ्याची कथा येथे प्रेमकथा होते: आराध्याला मनीचे सांगता यावे, यासाठी तिला ती भाषा परत हवी असते. म्हणजे संहाराच्या मुळाशीही गीताचीच प्रेरणा आहे. तिच्यासमोर उभ्या ठाकलेल्या हिबिकी ताचिबानाच्या हाती मात्र भाला नाही, खड्ग नाही. नुसती मूठ आहे, आणि मूठ उघडली की तोच हात दुसऱ्याचा हात धरू शकतो. अखेरीस फिने तिला स्वतःच्या अंतरातील गाण्यावर विश्वास ठेवण्यास सांगते, आणि कानादेप्रमाणे तीही धूळ होऊन जाते.