विणीकडे पाहताना

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी विचारते, सुती की रेशमी? मग भाव. कापड विणले कसे आहे, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे. एकाच सुताचे एका विणीने शर्टाचे पॉपलीन होते, दुसरीने मऊ, चकाकणारे साटीन.

मागावर ताण्याचे उभे धागे ताणून बसवलेले असतात. बाण्याचा आडवा धागा कोणावरून जाईल आणि कोणाखालून, एवढ्यावर सगळे शास्त्र उभे आहे. साध्या विणीत एकावरून, एकाखालून. इथे धागे एकमेकांना सर्वांत जास्त वेळा अडवतात. कापड टिकाऊ होते, छपाई नीट घेते आणि चुरगळतेही पटकन, कारण धाग्याला सरकायला वाव नसतो. ट्विलमध्ये हा क्रम दर ओळीला एक धागा बाजूला सरकतो, म्हणून तिरप्या रेघा उमटतात. अडवणूक कमी झाल्याने धागे दाट ठासता येतात, तरी कापड लवचीक राहते. डेनिमचा निळा ताणा तीन पांढऱ्या बाण्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो. जीन पँट आतून फिकी का, याचे उत्तर एवढेच. साटीनमध्ये धागा चार किंवा अधिक धाग्यांवरून मोकळा धावतो. त्या मोकळ्या लांबीवरच झळाळी येते आणि तीच लांबी बांगडीत अडकून ओढली जाते.

मश्रू हे मला या विद्येतले सर्वांत हुशार कापड वाटते. ताणा रेशमी, बाणा सुती, वीण साटीनची. रेशीम वर राहते, अंगाला लागते ते सूत. पुरुषाने अंगाला रेशीम लावू नये हा संकेत पाळणाऱ्या मुसलमान गृहस्थांनाही ते वापरता येई. धर्मशास्त्रातली अडचण विणकराने मागावर सोडवली.

आपल्याकडच्या दोन विणी शेजारी ठेवून पाहाव्यात. औरंगाबादच्या हिमरूत नक्षीचा जादा बाणा लागेल तिथे वर येतो, एरवी पाठीमागे मोकळा लोंबतो. पैठणीच्या पदरात तसे नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकृतीच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या रंगात गुंततो आणि मागे फिरतो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. हे हाताने, इंचाइंचाने करावे लागते. पैठणीची किंमत जरीपेक्षा या गुंतवण्यात जास्त आहे, असे माझे मत आहे. जॅकार्डवर काढलेल्या नकलेच्या पाठीवर सुटे किंवा कातरलेले धागे दिसतात. साडी उलटी करून पाहायला दुकानदार कुरकुरला, तरी पाहावीच.

बनियन-टीशर्टचे कापड या पुस्तकात नाही. तिथे ताणा-बाणा नसतो, एकात एक ओवलेले फासे असतात, आणि तो अभ्यास निराळा आहे.

वाचताना सुई, भिंग आणि शिंप्याकडच्या चार चिंध्या जवळ असाव्यात. सुरुवात पॉपलीनपासून करणे सोपे. एक चौरस इंच मोजून दोन्ही दिशांचे धागे सुईने सोडवत मोजले, तर एका दिशेला ते बरेच जास्त भरतात. तो ताणा. चिंधीला किनार उरलेली नसली तरी दिशा अशी ओळखता येते, आणि पहिले प्रकरण याच मोजणीपासून सुरू होते.