तळटीप : वऱ्हाडच्या साऱ्यावर उभे राहिलेले घोडदळ

* डेक्कन हॉर्स : पॅलेस्टाइनच्या वाटेवर लेखकाला वऱ्हाडातले दारव्हा आठवते, ते सकारण. 1853 च्या तहात निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. दारव्ह्याच्या काळ्या जमिनीचा साराही त्यातच आला. 1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली आणि तिच्या रिसाल्यांतून 20वी डेक्कन हॉर्स व 29वी लान्सर्स झाल्या. 1918 मध्ये दोन्ही फ्रान्सहून पॅलेस्टाइनला आल्या. त्यांच्या डिव्हिजनी शारोनचे मैदान आणि कार्मेलची रांग ओलांडून 20 सप्टेंबरला अफुल्यास पोहोचल्या. त्यांच्या वाटेचा माग काढणाऱ्याने नकाशात आधी विहिरी शोधाव्यात; तहानलेल्या घोड्यांचे मुक्काम पाण्यानेच ठरत. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातले हैदराबादचे स्वार मात्र निजामाच्या स्वतंत्र लान्सर्सचे. दोहोंची गल्लत करू नये.