पाव पोदेराचा, बनाना ब्रेड पोरांचा

गोव्यात पाव घरी भाजायची पद्धत नव्हती. नारळ परसातला, तांदूळ शेतातला, पण पाव पोदेराचा. पूर्वी तो डोक्यावर टोपली घेऊन खुळखुळणारी काठी आपटत यायचा, पुढे सायकल आणि भोंपू आला. आवाज ऐकून अंगणात पळायचे काम मुलांचे. पाव आणायची मुले, पण पाव होतो कसा हे बहुतेकांनी पाहिलेले नसे. आज पाच-सहा वर्षांची पोरे ओट्याशी स्टुलावर उभी राहून बनाना ब्रेडसाठी केळी कुस्करतात, त्यामागे म्हणूनच बराच इतिहास आहे.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतले. पाव हा शब्द त्यांचाच, पोदेरही त्यांच्याच भाषेतून आलेला. गव्हाची पोळी आपल्याकडे होती, पण पीठ आंबवून भट्टीत फुगवलेला पाव नवा. यीस्ट नव्हते, तेव्हा माडाची सूर पिठात गेली. सासष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा धंदा पिढ्यान् पिढ्या सांभाळला. हिंदू घरांनी मात्र पाव लांब ठेवला. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी आजीच्या तोंडून पुष्कळांनी ऐकल्या असतील. त्या गोष्टींचा धाक इतका की पाव कित्येक वर्षे उंबऱ्याबाहेरच थांबला. पुढे तो चहाबरोबर आत आला, पण पावाची भट्टी घरात आली नाही.

याचा अर्थ भाजणे आपल्याला परके होते असा मात्र नाही. तवसळी आठवा. तांदळाचा रवा, गूळ, खोबरे, किसलेले तवसे. पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. हा ओव्हनच झाला की! पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचे बन्सही आपल्या ओळखीचे. मैदा, साखर, दही, चिमूटभर सोडा आणि केळे. बनाना ब्रेडचे निम्मे सामान इथेच आले. फरक एवढाच की बन्स उकळत्या तेलात तळायचे. निखारे काय किंवा तेल काय, दोन्हींपाशी लहान मुलांना मज्जाव.

आता बनाना ब्रेडकडे येऊ. नावात ब्रेड असला तरी हा आंबवलेला पाव नव्हे. त्याला फुगवतो तो सोडा. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचे पाकपुस्तक निघाले, त्यात लाकडाच्या राखेपासून केलेला क्षार पिठात घालायला सांगितला आहे. १८४३ साली इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हते. केळे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पोचले ते वाफेच्या जहाजांमुळे. १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली आणि मध्य अमेरिकेतल्या मळ्यांवरचे केळे, तिथल्या मजुरांच्या घामावर, तिकडच्या घरोघरी स्वस्त झाले. मग १९३० च्या दशकातली महामंदी आली. डागाळलेले केळेही फेकवेना. याच काळात पाकपुस्तकांतून बनाना ब्रेडची कृती दिसू लागली. थोडक्यात, हा काटकसरीचा पदार्थ. आपल्या बन्सांसारखाच.

आणि तो मुलांना जमतो, यालाही कारण आहे. पावाचे पीठ जोर लावून मळावे लागते. इथे उलट. जास्त घोटले तर मैद्याचा चिकटपणा वाढून ब्रेड चिवट होतो. पोराने चार वेळा चमचा फिरवून कंटाळून सोडून दिले, गुठळ्या राहिल्या, तरी चालते. केळे जितके काळे तितके गोड, कारण पिकताना त्यातल्या पिठूळपणाची साखर होते. दह्यात सोडा पडला की बुडबुडे येतात, ते पाहून मुले हरखतात. अंडे न खाणाऱ्या घरांचेही दह्यावर भागते. फक्त ओव्हनचे दार मोठ्यांनी उघडायचे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना जगभरच्या घरांत हाच ब्रेड भाजला गेला, तो उगीच नाही.

इकडे पोदेराच्या लाकडी भट्ट्या मात्र कमी होत चालल्या आहेत. पुढची पिढी रात्रीचे जागरण करायला तयार नाही. रेंदेर कमी झाले, सुरेची जागा यीस्टने घेतली. बऱ्याच भट्ट्या बाहेरून आलेले कामगार चालवतात. ज्या वस्तूमागची मेहनत कधी दिसलीच नाही, ती जाताना कुणाला हळहळ वाटणार?

म्हणून एक सुचवावेसे वाटते. घरात केळ्याचा ब्रेड फुगताना पाहून मुलाने "हा असा का फुगतो?" असे विचारले, तर सोड्याची गोष्ट जरूर सांगा. आणि मग त्याला गावातल्या पोदेराच्या भट्टीवरही एकदा घेऊन जा. सोड्याशिवाय पीठ कसे फुगते, ते तिथे दिसेल. भट्टी चालू आहे तोवर!