हँडबॉल, जर्मनीतील महिलांचा

हँडबॉल, जर्मनीतील महिलांचा : हाताने चेंडू खेळून प्रतिपक्षावर गोल करण्याच्या या सांघिक खेळाची आधुनिक जडणघडण मुख्यत्वे जर्मनी व स्कँडिनेव्हियन देशांत झाली. जर्मनीपुरता विचार केल्यास हा खेळ मुळात महिलांसाठी निर्माण झाला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. बर्लिन येथील महिलांच्या व्यायामशिक्षणाचे प्रमुख माक्स हायझर याने २९ ऑक्टोबर १९१७ रोजी त्याचे नियम निश्चित केले व त्यास ‘हँडबॉल’ हे नाव दिले. पहिल्या महायुद्धाच्या त्या काळात मुली व स्त्रिया यांना झेपेल असा मैदानी खेळ त्याला हवा होता. म्हणून त्याने अंगलट व झटापट निषिद्ध ठरविली. पुढे १९१९ च्या सुमारास कार्ल शेलेन्झ याने चेंडू लहान केला, प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यास मुभा दिली आणि खेळाला वेग आणला. परिणामी पुरुषांनी तो उचलून धरला व महिला मागे पडल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अकरा खेळाडूंच्या मैदानी हँडबॉलचा समावेश झाला आणि जर्मनीने सुवर्णपदक मिळविले. तथापि ही स्पर्धा केवळ पुरुषांची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर सात खेळाडूंचा अंतर्गेही प्रकार हळूहळू रूढ झाला. महिलांची पहिली अंतर्गेही जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ मध्ये यूगोस्लाव्हियात झाली. १९६५ ची स्पर्धा प. जर्मनीत भरली व यजमान संघास तिसरे स्थान मिळाले. मात्र त्यानंतरचे दशक पू. जर्मनीचे ठरले. तिच्या महिला संघाने १९७१, १९७५ व १९७८ अशी तीन जागतिक अजिंक्यपदे पटकावली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या हँडबॉलला प्रथमच स्थान मिळाले. तेथे या संघास रौप्यपदक, तर १९८० मध्ये मॉस्को येथे कांस्यपदक लाभले. लाइपसिकच्या एस्‌सी लाइपसिक या संघाने १९६६ व १९७४ मध्ये यूरोपीय चषक जिंकला.

या पिढीतील दोन खेळाडू विशेष उल्लेखनीय आहेत. व्हाल्ट्राउट क्रेचमार (१९४८–२०१८) ही तिन्ही जगज्जेत्या संघांत होती. तिचा पती पेटर क्रेचमार हा राष्ट्रीय महिला संघाचा प्रशिक्षक होता, तर मुलगा श्टेफान याने पुढे पुरुषांच्या हँडबॉलमध्ये नाव मिळविले. रोझव्हिटा क्राउझे (१९४९– ) हिने १९६८ मध्ये मेक्सिको सिटी येथे जलतरणाच्या सांघिक शर्यतीत रौप्यपदक मिळविले व त्यानंतर हँडबॉलकडे वळून १९७६ आणि १९८० मध्ये ऑलिंपिक पदके जिंकली.

पू. जर्मनीतील क्रीडायशाचे मूल्यमापन करताना शासनपुरस्कृत उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न टाळता येत नाही. १९७४ मध्ये शासनाने यासंबंधी गुप्त योजना आखली. अनेक खेळांतील मुलींना पूर्ण कल्पना न देता अशी द्रव्ये देण्यात आली, हे १९९० नंतर कागदपत्रांवरून उघड झाले. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तत्कालीन क्रीडाप्रमुख मान्फ्रेट एव्हाल्ट यास दोषी ठरविले.

जर्मनीचे एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० रोजी झाले; तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस द. कोरियात झालेल्या जागतिक स्पर्धेत दोन्ही जर्मन संघ स्वतंत्रपणे उतरले. पू. जर्मनीस तिसरे व प. जर्मनीस चौथे स्थान मिळाले. अशा रीतीने अस्तित्वात नसलेल्या राष्ट्राच्या संघाने शेवटचे पदक मिळविले. संयुक्त संघाने १९९३ मध्ये ऑस्लो येथील अंतिम सामन्यात डेन्मार्कचा जादा वेळेत २२–२१ असा पराभव करून जागतिक अजिंक्यपद जिंकले. १९९४ मध्ये यूरोपीय स्पर्धेत रौप्यपदक आणि १९९७ व २००७ मध्ये जागतिक स्पर्धांत कांस्यपदक, ही त्यानंतरची २००७ पर्यंतची कामगिरी होय.

१९९३ च्या विजेत्या संघाचा प्रशिक्षक लोटार डेरिंग हा स्वतः १९८० च्या पुरुषांच्या सुवर्णविजेत्या संघातील खेळाडू होता. महिलांचे संघ पुरुषांनी घडवावयाचे, ही प्रथा त्यानंतरही बव्हंशी टिकून राहिली. या खेळात खेळाडूंची अदलाबदल कितीही वेळा करता येते आणि प्रशिक्षकास मिनिटभराचा संघविराम घेता येतो. त्यामुळे निकालावर त्याच्या निर्णयांचा प्रत्यक्ष परिणाम होतो. साहजिकच प्रशिक्षकपद हे अधिकाराचे स्थान ठरते व तेथपर्यंत माजी महिला खेळाडू क्वचितच पोहोचल्या. रेनाटे व्होल्फ ही त्यांपैकी एक. लेव्हरकूझेनच्या ज्या संघातून ती खेळली, त्याच संघाची ती प्रशिक्षिका झाली आणि २०१० मध्ये त्या संघाने जर्मन चषक जिंकला. नॉर्वेत मात्र माजी खेळाडू मारिट ब्रायव्हिक हिने १९९४ ते २००९ या काळात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळून १९९९ मध्ये जागतिक अजिंक्यपद व २००८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. महिलांसाठी निर्माण झालेल्या खेळाची सूत्रे महिलांच्या हाती येण्यास त्याच्या जन्मभूमीतच अधिक विलंब लागला, असे यावरून दिसते.