फुटलेल्या थाळ्याचे पान

‘हे डिडल डिडल’ या इंग्रजी बडबडगीताचे गूढार्थ शोधण्याचा सोस जुना आहे. अठराव्या शतकात छापले गेलेले हे गीत कोणी नक्षत्रांशी जोडले, कोणी राजदरबारातील भानगडींशी. आयोना आणि पीटर ओपी यांनी १९५१ च्या आपल्या कोशात असल्या उपपत्तींना थारा दिला नाही, हे योग्यच झाले. मात्र या गीताचा सर्वांत मार्मिक अन्वयार्थ रेषेत मांडला गेला, आणि म्हणून तो बहुधा ‘सजावट’ या सदरात जमा होत राहिला.

रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६-१८८६) हा मूळचा चेस्टरचा. तरुणपणी बँकेत कारकुनी, १८७२ मध्ये लंडन, आणि १८७८ पासून मुद्रक एडमंड इव्हान्सबरोबर दरवर्षी दोन, अशी एकूण सोळा चित्रपुस्तके. हे गीत १८८२ च्या पुस्तकात आहे. रंगीत पानांच्या अधूनमधून तपकिरी रेखाटने येतात. संहितेला ठाऊक नसलेले बरेच काही तीच सांगतात.

थाळी चमच्यासह पळून जाते तेथे गीत संपते. कॅल्डेकॉट तेथे थांबत नाही. पुढच्या चित्राला शब्दांचा आधारच नाही: थाळीचे तुकडे पडले आहेत आणि काटा व सुरी चमच्याला घेऊन चालले आहेत, पळालेल्या मुलीला आईबाप परत नेतात, तसे. (इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसल्याने नायिका कोण हे चित्रालाच ठरवावे लागते. मराठी अनुवादकाला येथे थाळा आणि पळी यांच्याकडे वळावे लागेल. काटा-सुरीचे दांपत्य मात्र आयतेच जमते.)

मॉरिस सेंडाकने या पानात मृत्यू पाहिला. कॅल्डेकॉट जन्मभर प्रकृतीने दुबळा होता, एकोणचाळिसाव्या वर्षी फ्लॉरिडात वारला. तेव्हा चरित्राचा धागा जोडण्याचा मोह होतो. पण त्याची गरज नाही. निरर्थाच्या जगात कृतीला परिणाम नसतो: गाय चंद्रावरून उडी मारते, तिचा पाय मोडत नाही. ‘मग पुढे काय झाले?’ हा मुलांचा प्रश्न कॅल्डेकॉट गंभीरपणे घेतो, आणि त्यासरशी व्हिक्टोरियन घराची शिस्त त्या मोकळ्या जगात शिरते. चित्र विनोदीच राहते, पण गीताला मिळालेली सूट काढून घेते. हे गीतावरचे भाष्य आहे.

अमेरिकेत १९३८ पासून चित्रपुस्तकांना दिल्या जाणाऱ्या कॅल्डेकॉट पदकावर त्याचे जॉन गिल्पिनचे चित्र आहे. उधळलेला घोडा, पळापळ, गंमत. तेथे काही फुटलेले नाही.